डावीकडचं शेवटचं विमान

५ जानेवारी

प्रिय भिंगरी,

काल तुला पाहिलं. म्हणजे, पाहिलं असं म्हणायचं. लहानपणी जिन्यावरून धडाधडा उतरताना दिसायचीस त्याहूनही कमी वेळ, पण दिसलीस. डावीकडचं शेवटचं विमान. कसरतीच्या पथकात गेलीस तेव्हा लिहिलं होतंस ना, "आत्या, मी डाव्या टोकाला असते", ते मी पाठ करून ठेवलंय. पाण्याच्या टाकीकडून पाचही विमानं समोर आली आणि बाकीच्या चौघांकडे मी ढुंकूनही बघितलं नाही. आमच्या डोक्यावर यायच्या आधी तुम्ही वर चढलात तेव्हा तुझा पंख किंचित कलला. तो माझ्यासाठी होता, मला ठाऊक आहे. मी पण छत्री हलवली. दिसली ना?

आता गर्दीचं ऐक. दुकान बंद ठेवून सकाळीच गेले आणि दोरीजवळची जागा धरली. दुपारपर्यंत सगळं छान. मग उशिरा उठलेली मंडळी आली, आणि एकेकाने असा कोपर घातला की मी दोरीवरचा वाळत घातलेला कपडाच झाले. एक गृहस्थ तर घरून शिडी घेऊन आले. माझ्या पुढ्यात मांडली आणि चढले. मी म्हटलं, "अहो, आम्ही काय तुमच्या पोटऱ्या बघायला आलोय?" तर म्हणतो, "आकाश सगळ्यांचं आहे, मावशी." आकाश सगळ्यांचं, मग शिडी एकट्याची कशी? हे मला घरी आल्यावर सुचलं, नेहमीसारखं.

आणि मागे ते स्टूलवाले. तिसरं वर्ष आहे त्यांचं. पांढऱ्या मिशा, लाकडी स्टूल, आणि तोंडाचा पट्टा अखंड चालू. "छत्री मिटा! छत्री मिटा! पाऊस पडतोय का?" मी ऐकू न आल्यासारखं करते. खेळाच्या गणवेशाचं उरलेलं पिवळं कापड जोडून जोडून मी ती छत्री शिवली, ती काय मिटायला? तुला वरून ओळखू यावी म्हणून शिवली. लोकांना समजत नाही, त्याला मी काय करू.

मग तुम्ही गेलात. घरावरूनच गेला असाल. गच्चीवर तुझी जुनी चादर वाळत होती. आमच्या मैदानाची धावपट्टी तुमच्या विमानांना आखूड पडते, म्हणून उतरता येत नाही, हे तू समजावलंस आणि मला समजलंय. पण आखूड पडलेलं काहीही मी उसवून वाढवून देते गं, हीच एक गोष्ट मला वाढवता येत नाही. दोन वर्षं झाली तुला हात लावून. फोनवर तू "हो, नाही, जेवले" एवढंच बोलतेस, म्हणून पत्रच लिही. रजेचं काय ते लिही.

तुझी,
आत्या


१७ जानेवारी

प्रिय आत्या,

तुझं पत्र जेवताना सगळ्यांना वाचून दाखवलं. पोटऱ्यांपाशी आल्यावर टोस्ट खुर्चीवरून पडायचाच बाकी होता. टोस्ट म्हणजे आमच्यातला उजव्या टोकाचा. त्याच्या वडिलांची बेकरी आहे, म्हणून टोस्ट. आणि मला इथे सुई म्हणतात, का ते तुला सांगायला नको. पथकातले सगळे फाटके हातमोजे माझ्याच खोलीत येतात. तू शिकवलेली आडवी टीप अजून एकाचीही उसवलेली नाही.

त्या लोकांशी ओरडून बोलू नकोस. इथे आमच्या मैदानावर गर्दीची व्यवस्था बघणारी एक बाई आहे, तिने मला युक्ती सांगितली होती. ती कुणालाही "बाजूला व्हा" म्हणत नाही. जवळ जाऊन विचारते, "तुम्ही कुणाला बघायला आलात?" म्हणे, हे विचारलं की शिडीवालासुद्धा क्षणभर माणसात येतो. करून बघ.

छत्रीचं म्हणशील तर, पिवळा रंग लांबून उठून दिसतो हे खरं.

एक सांगायचंय. मार्चचा शो माझा शेवटचा. पथकात तीन वर्षंच ठेवतात, मग दुसऱ्यांना संधी. मला पुढे शिकवायला पाठवणार आहेत, खूप दूर, आणि तिथून तुझ्या गावावरून जायचा प्रश्नच येत नाही. मध्ये रजा मिळेल की नाही, कुणी धड सांगत नाही. तेव्हा फेब्रुवारीत ये आणि मार्चमध्ये ये. नक्की ये.

दुकानात मान मोडून बसू नकोस. चष्म्याचा नंबर तपासलास का?

तुझी,
भिंगरी


२ फेब्रुवारी

भिंगरी,

तुझी युक्ती वापरली. फार चांगली युक्ती आहे. तिने माझं वाटोळं केलं.

काल मागून "छत्री मिटा" सुरू झालं तशी मी वळले आणि गोड आवाज काढला. "काका, तुम्ही कुणाला बघायला आलात?" ते म्हणाले, "मुलाला. पण तीन वर्षं तुमची छत्रीच बघतोय." मी म्हटलं, असेल बापडा कुणी. माझी भाची आहे वर, असं मीही सांगितलं. ते जरा नरमले. मी छत्री इंचभर सरकवली. एवढ्यात तुम्ही आलात.

पंख कलला. मी ओरडले, "बघा, बघा, मला हात केला तिने!" तर मागून गर्जना. "हात कसला! तो माझा मुलगा आहे. पंख कलतो त्याचा, त्यावरून बोलणी खातो बिचारा!" मी म्हटलं, "अहो, ते डावीकडचं आहे, ती माझी भाची." "डावीकडचं? तो माझा मुलगा!" "माझी!" "माझा!" विमानं कुठे गेली कुणाला पत्ता नाही. आम्ही दोघं एकमेकांच्या तोंडावर ओरडतोय आणि आजूबाजूचे म्हणतायत, दोघंही बसा हो! शेवटी मी विचारलं, "तुमचा मुलगा नक्की कुठल्या बाजूला असतो?" म्हणाले, "उजव्या टोकाला. मला पहिल्या वर्षीच कळलं होतं, समोरून आला की उलटा दिसतो." मी तावातावाने म्हटलं, "उजवा म्हणजे हा!" आणि त्यांच्या उजव्या खांद्यावर बोट ठेवलं.

बोट तिथेच राहिलं, भिंगरे. ते माझ्या समोर उभे होते. त्यांचा उजवा खांदा माझ्या डाव्या हाताला होता.

तीस वर्षं मी गिऱ्हाइकाला समोर उभं करून माप घेतेय. माझ्या डाव्या हाताला त्याचा उजवा खांदा, हे मला झोपेतही कळतं. नवीन मुलीला शिकवताना पहिल्या दिवशी मी हेच सांगते. आणि आकाशाकडे बघताना माझी अक्कल कुठे गेली होती? तीन वर्षं मी दुसऱ्याच्या पोराला छत्री हलवत होते. तुझ्याकडे एकदाही बघितलं नाही. मुद्दाम बघितलं नाही, तुझ्यावरची नजर हलू नये म्हणून.

मी मटकन खाली बसले. ते घाबरले, पाणी दिलं. मी विचारलं, "तुमच्या मुलाला टोस्ट म्हणतात का हो?" त्यांना ते माहीतच नव्हतं. "टोस्ट? मी एवढी मेहनत करून त्याला वाढवला, आणि टोस्ट?" मग मात्र दोघंही हसलो. म्हणाले, "तुमची छत्री डाव्या बाजूला झुकलेली असायची, म्हणून मला माझा दिसायचा नाही. उजवीकडचं तेवढं मोकळं दिसायचं. तेव्हा तीन वर्षं मी तुमचीच बघतोय. चांगली उडते. वळताना सगळ्यांत बाहेरून फिरते, तरी मागे पडत नाही." हे मला परक्या माणसाकडून ऐकावं लागलं.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी हसून लिहिलं असतं. पण निघताना ते सहज बोलून गेले, "छत्री कशाला आणता? त्यांना वरून काही दिसत नाही. माझा मुलगा म्हणतो, नजर पुढच्या विमानावरून हलवायचीच नसते."

खरं आहे का हे?

मी तुला दर वेळी विचारत होते. दिसली का, दिसली का. तू कधी हो म्हणाली नाहीस, हे मला काल जुनी पत्रं चाळताना कळलं. पण नाही असंही म्हणाली नाहीस.

शाळेचे गणवेश पडलेत. थांबते.

आत्या


१२ फेब्रुवारी

आत्या,

खरं आहे.

माझी नजर पुढच्या विमानाच्या पंखाच्या टोकावर असते. टाके घालताना तू सुईच्या टोकावरून नजर हलवत नाहीस, तसं. डोळा हलला की हात हलतो, आणि पुढच्या विमानात माणूस बसलेला असतो. मैदान, लोक, तू, काही दिसत नाही. पहिल्या पत्रात तू विचारलंस तेव्हा "नाही" लिहायला घेतलं होतं. पण तू लिहिलं होतंस की कापड जोडून जोडून छत्री शिवली. मला लिहवेना. मग पुढच्या वेळी ते आणखी अवघड झालं.

पण तू माझ्यासाठी तिथे नव्हतीस असं समजू नकोस. मैदान जवळ आलं की आमचा नेता रेडिओवर एकच शब्द बोलतो, "टाकी". पाण्याच्या टाकीवर आलो, वर चढायची तयारी करा, एवढाच त्याचा अर्थ. पण तो "टाकी" म्हणाला की मला कळतं, आता आत्या खाली आहे. तरी मी पंखाच्या टोकाकडेच बघत राहते. तीन वर्षांत माझ्यासाठी घर म्हणजे तो एक शब्द झालाय.

तू चुकीचं विमान बघितलंस आणि मी कुठेच बघितलं नाही. आपण दोघी म्हणजे काय आहोत!

मार्चला ये. आता तुला कळलंय मी कुठे असते. तुझ्या उजव्या हाताला.

भिंगरी


२४ फेब्रुवारी

आत्या,

तुझं पत्र आलं नाही. टोस्टला मात्र त्याच्या वडिलांचं लांबलचक पत्र आलंय. त्यात निम्मं टोस्ट या नावाबद्दल आहे आणि निम्मं कुणा "शिंपीणबाईं"बद्दल. ते दुकानात येऊन कोटाची बटणं लावून घेऊन गेले म्हणे. त्यांच्याशी बोलतेस, मग माझ्यावरच कट्टी का?

इथल्या मैदानावर परवा एक कोरा कागद हातात घेऊन बसले होते, तेव्हा नेत्याने विचारलं, घरी सगळं ठीक ना? मी म्हटलं, ठीक. दुसरं काय सांगणार.

रविवारी येशील?

भिंगरी


१ मार्च

प्रिय आत्या,

आत्ताच उतरले. अजून हेल्मेटचा वण कपाळावर आहे. लगेच लिहितेय, नाही तर लिहायचं धाडस होणार नाही.

पथकात एक रीत आहे, ती मलाही आज सकाळी कळली. जो निरोप घेतो त्याला शेवटी एक फेरी एकट्याने मारू देतात. बाकीचे चौघं लांब वर थांबतात आणि तो मैदानावरून सावकाश जातो. नेता म्हणाला, "सुई, ही फेरी तुझी. हवं तिथे बघ." आत्या, तीन वर्षांत पहिल्यांदा माझ्यापुढे कुणाच्या पंखाचं टोक नव्हतं. टाकी आली. या वेळी तो शब्द माझा मीच म्हटला. विमान एका अंगावर कलवलं आणि खाली बघितलं.

पिवळं काही नव्हतं.

दोरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं. लाल, निळ्या, काळ्या छत्र्या होत्या. नुसती डोकी, वर केलेले हात, कुणी गाडीच्या टपावर, कुणी खांबावर. एकाच ठिकाणी गर्दीला खळगा पडल्यासारखा दिसला. तेवढ्या तुकड्यातले लोक चक्क खाली बसले होते. एवढ्या गर्दीत बसलेत कसे, म्हणून नजर तिथे अडकली, आणि त्यातच मैदान संपलं. परत वळायची परवानगी नव्हती.

तू आली नाहीस. रागावली आहेस, ते बरोबरच आहे. मी फक्त एवढंच सांगायला लिहितेय की आज मी बघितलं होतं. खरंच बघितलं होतं.

जाण्याआधी आठ दिवसांची रजा मंजूर झालीये, बाराव्या तारखेपासून. मी येऊ का?

आपल्याच घरी यायला असं विचारायची वेळ माझ्यावर येईल असं कधी वाटलं नव्हतं.

भिंगरी


६ मार्च

भिंगरे,

येऊ का म्हणतेस? पुन्हा असं विचारलंस तर या हाताने कान पिळीन. एवढी मोठी विमानं चालवतेस आणि अक्कल तीच, फ्रॉकातली.

आले होते मी. सकाळी सगळ्यांच्या आधी पोचले असं वाटलं, तर बेकरीवाले माझ्याआधी हजर. माझ्यासाठी दुसरं स्टूल घेऊन आले होते. त्यांचं बोलणं अजून तसंच आहे, फक्त आता ते मला उद्देशून नसतं.

पत्र लिहिलं नाही, हो. पहिले आठ-दहा दिवस राग होता. मग तुझं ते टाकीचं पत्र आलं, आणि राग गेला तो गेलाच. नंतर लिहायला बसले की "टाकी" या शब्दापाशी यायचे आणि पुढे हात चालायचा नाही. बाजाराला जाताना ती टाकी रोज लागते मला. तिच्याकडे बघून रस्त्यातच डोळे पुसायचे, लोक म्हणत असतील बाईला झालंय काय. वाटलं, रविवारी छत्री उंच धरीन, हेच उत्तर. तुला दिसो न दिसो.

आमच्या मागे एक म्हातारे गृहस्थ होते, चाकाच्या खुर्चीत. लेक सोबत होती. ती कुणाला काही बोलली नाही, फक्त वडिलांना म्हणत होती, "आवाज तरी ऐका बाबा, दिसायचं नाहीच." मला राहवलं नाही. त्यांच्या खुर्चीशेजारी वाकून, तिथून काय दिसतं ते मी बघितलं.

माझी छत्री दिसली. दुसरं काही नाही, नुसतं पिवळं. तीन वर्षं माझ्या मागे कोण कोण बसून गेलं असेल, आणि मी बाकीच्यांना उद्धट म्हणत तुला पत्रं लिहीत होते.

मिटली.

पण मग माझं डोकं फिरलं. मी मिटायची आणि शिडीवाल्यांनी चढायचं? मी एका बाजूने निघाले, बेकरीवाले दुसऱ्या. तुझाच प्रश्न घेऊन. "तुम्ही कुणाला बघायला आलात?" कुणी म्हणालं विमानं, कुणी म्हणालं बायकोने ढकललं म्हणून आलो. शिडीवाल्याला विचारलं तर म्हणाला, "कुणाला नाही, मावशी. रविवारी घरात करमत नाही." मी म्हटलं, "मग आमच्यातच बसा." उतरला. शिडी आडवी घातली आणि तिच्यावर तिघं बसले. एक तरुण काही ऐकेना, तेव्हा बेकरीवाल्यांनी असा काही आवाज लावला की तो बसलाच, शिवाय त्याच्या पुढचे पाच जण बसले. आमचा अख्खा तुकडा खाली बसला. मागच्या म्हाताऱ्या गृहस्थांना दोरीपर्यंत सगळं दिसायला लागलं.

पाचही विमानं आली. मी उजवीकडे बघितलं. तुझ्याकडे. पहिल्यांदा.

काय सांगू? बेकरीवाले सांगत होते तशीच फिरलीस, सगळ्यांत बाहेरून, मागे न पडता. मी त्यांना म्हटलं, "तुमचा पंख आज कलला नाही हो." त्यांनी रुमाल काढला.

मग तू एकटी आलीस. भोंग्यात खरखर होती, "निरोप" एवढाच शब्द ऐकू आला, पण भोंग्याची गरजच नव्हती. मला कळलं. छत्री मांडीवर होती आणि अंगठा खटक्यावर. एवढंसं दाबलं की उघडली असती. पण माझ्या मागे ते गृहस्थ मान वर करून बघत होते. आजूबाजूचे शंभर लोक माझ्या सांगण्यावरून बसले होते. मीच कशी उठू? मीच कशी उघडू? आणि मला वाटलं, ती कुठे बघतेय, तिला बघायचं नसतंच. म्हणून बसून राहिले. मागून त्या गृहस्थांनी विचारलं, "तुमचं कोण आहे वर?" मी म्हटलं, "सगळं."

आणि तू त्याच वेळी खाली बघत होतीस.

तुझं पत्र वाचल्यावर मशीनवर डोकं ठेवून रडले, खोटं कशाला बोलू. कापडावर डाग पडला. मग परत वाचलं आणि तुझा तो खळगा वाचला. अगं वेडे, तो खळगा म्हणजे मीच. मी आणि माझी माणसं. एवढ्या मोठ्या मैदानात तुझी नजर नेमकी तिथेच अडकली. आता कुणी म्हणू दे की तुला मी दिसले नाही.

तुझी खोली झाडून ठेवलीये. दुकानातल्या मुलीला आठ दिवस सुट्टी दिली आहे, आणि गिऱ्हाइकांना सांगितलंय की माझी तब्येत बरी नाही, तेव्हा बाहेर मोठ्याने हसू नकोस. बेकरीवाल्यांनी टोस्टलाही घेऊन ये म्हणून निरोप दिलाय. तो आला तर त्याच्याकडे माझं एक काम आहे. तीन वर्षं मी त्याच्यावर माया केली, ती परत मागणार नाही, पण एकदा तोंड तरी बघू दे.

बाराव्या तारखेला गाडीतून उतरलीस की कोपऱ्यावर वळून आपल्या दाराकडे बघ. तिथे मी छत्री उघडून उभी असेन, उंच धरून. इथे माझ्या मागे कुणीच नसतं.

तुझी,
आत्या